सहा तासांचं घड्याळ कधी सुरू होतं? नागपूरच्या बीपी-ट्रायलचं वाचन, नांदगाव खंडेश्वरातून

2019 साली 'द लॅन्सेट'मध्ये एक पेपर आला. गरोदरपणात बीपी धोक्याच्या पातळीला गेला, तर तोंडानं द्यायच्या तीन औषधांपैकी कोणतं किती काम करतं, हा त्याचा प्रश्न. लेखक थॉमस ईस्टरलिंग, शुचिता मुंडले आणि त्यांचे सहकारी. ट्रायल झाली नागपुरात: शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे ज्याला सगळे नुसतं 'मेडिकल' म्हणतात ते, आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालय. विदर्भातल्या माणसाला ही दोन्ही नावं घरातल्यासारखी. अमरावती-यवतमाळकडच्याही बायका अवघड वेळी तिथपर्यंत पोचतात.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी हा पेपर जर्नल क्लबमध्ये मांडला. स्लाइड्स बऱ्या झाल्या, सरांनी मान डोलावली. मग दिवाळीत नांदगाव खंडेश्वरला घरी गेले आणि आईला उत्साहानं सांगायला बसले, की तिन्ही गोळ्या चालतात, बहुतेक बायकांचा बीपी सहा तासांत उतरतो. आईनं शेंगा फोडता फोडता ऐकून घेतलं. तिच्या डोक्यात आमची वहिनी होती. आठव्या महिन्यात वहिनीचं डोकं ठणकायला लागलं, बीपी मोजला तर एकशे सत्तरच्या वर. मग गाडीची वाट, मग अमरावती. (सगळं नीट झालं, पोरगी आता शाळेत जाते.) आई म्हणाली, "थे सहा तास कवापासून मोजले त्यायनं? अन् गाडी येईपर्यंत काय देलं तिले?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जर्नल क्लबमध्ये हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. पेपर चांगला आहे, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. पण चांगल्या पेपरवर टीका कशी करायची, हे मला आईच्या त्या दोन वाक्यांनी शिकवलं. म्हणून आज तोच पेपर पुन्हा, सावकाश.

(नेहमीची सूचना: हा उपचाराचा सल्ला नाही. डोसचे आकडे ट्रायल समजून घेण्यासाठी आहेत. कुणाला काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील.)

ट्रायलमध्ये केलं काय?

किमान 28 आठवड्यांची गरोदर, वरचा बीपी 160 किंवा त्याहून जास्त, नाहीतर खालचा 110 किंवा त्याहून जास्त, आणि गोळी गिळता येते, अशा बायका घेतल्या. एप्रिल 2015 ते ऑगस्ट 2017 या काळात 2307 जणींची तपासणी झाली, त्यातल्या 894 ट्रायलमध्ये आल्या. चिठ्ठी टाकावी तसं रँडमाइज करून त्यांचे तीन गट केले:

- निफेडिपिन रिटार्ड 10 मिलिग्रॅम: 298 जणी
- लॅबेटालॉल 200 मिलिग्रॅम: 295 जणी
- मिथिलडोपा 1000 मिलिग्रॅम: 301 जणी

प्रायमरी आउटकम, म्हणजे आधीच ठरवलेला मुख्य निकष, असा: सहा तासांच्या आत वरचा बीपी 120 ते 150 आणि खालचा 70 ते 100 यांमध्ये यायला हवा, आणि कोणताही दुष्परिणाम व्हायला नको. दोन्ही अटी पूर्ण झाल्या तर 'यश'.

निकाल: निफेडिपिन गटात 249 (84 टक्के), लॅबेटालॉल गटात 228 (77 टक्के), मिथिलडोपा गटात 230 (76 टक्के).

आधी जे चांगलं आहे ते

टीका म्हणजे खुसपटं काढणं, असा आपल्याकडे समज आहे. व्हायव्हामध्ये तर तो फारच. मी उलट्या क्रमानं जाते. हा पेपर का करावा लागला, ते आधी समजून घेऊ.

गरोदरपणातला असा वाढलेला बीपी उतरवायला शिरेतून द्यायची औषधं आहेत. पण त्यांना सलाइनची लाइन लागते, लक्ष ठेवायला माणूस लागतो, आणि एका वॉर्डात एका वेळी अशा चार बायका आल्या तर सिस्टर कुठे कुठे धावणार? गोळी दिली की दिली. डॉक्टर गोळ्या वापरतच होते, पण या तिघींची एकमेकींशी नीट, रँडमाइज करून, पुरेशा मोठ्या संख्येत तुलना झालेली नव्हती. म्हणजे प्रश्न खरा होता, तो सरकारी दवाखान्याच्या वॉर्डातून आलेला होता, आणि उत्तरही त्याच वॉर्डात शोधलं गेलं.

याच दोन दवाखान्यांत त्याआधी 'इन्फॉर्म' नावाची ट्रायल झाली होती, 'लॅन्सेट'मध्येच 2017 साली आलेली. बीपी वाढलेल्या बायकांच्या कळा सुरू करायला फोली कॅथेटर बरा की मिसोप्रोस्टॉलची 25 मायक्रोग्रॅमची गोळी, हा तिचा प्रश्न. 602 बायका होत्या. 24 तासांत नैसर्गिक प्रसूती गोळीच्या गटात 57 टक्के, कॅथेटरच्या गटात 47 टक्के. साधी साधनं, रोजचा प्रश्न, स्वच्छ तुलना. ज्यांना वाटतं की मोठं संशोधन म्हणजे मोठं मशीन, त्यांनी हे दोन पेपर शेजारी ठेवून वाचावेत.

दुसरी चांगली गोष्ट: बीपीच्या ट्रायलमध्ये 'इंटेन्शन टू ट्रीट' पाळलं आहे. ज्या गटात चिठ्ठी निघाली त्याच गटात बाई मोजायची, मग तिला औषध पूर्ण मिळो न मिळो. तिन्ही गटांत मिळून 32 जणी अशा होत्या, की त्यांचा बीपी दुसऱ्यांदा मोजल्यावर तितका भरला नाही, किंवा मध्येच प्रसूती झाली, किंवा दुसरीकडे हलवावं लागलं. त्यांना गाळलं असतं तर टक्के जरा देखणे दिसले असते. गाळलं नाही.

आता आक्षेप.

पहिला आक्षेप: 0.03 आणि 0.05

निफेडिपिन आणि मिथिलडोपा यांच्या तुलनेत पी-व्हॅल्यू 0.03. म्हणून पेपर म्हणतो, फरक आहे. निफेडिपिन आणि लॅबेटालॉल यांच्या तुलनेत 0.05. म्हणून निकालाच्या भागात पेपर म्हणतो, फरक नाही.

वही घ्या आणि स्वतः करून बघा. निफेडिपिन 83.6 टक्के, मिथिलडोपा 76.4, फरक 7.2 पॉइंट. निफेडिपिन 83.6, लॅबेटालॉल 77.3, फरक 6.3 पॉइंट. आता 95 टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल काढा (दोन प्रमाणांमधल्या फरकाचं साधं सूत्र, एम.एस्सी.ला होतं तेच). माझ्या हिशोबात पहिल्या फरकाचा इंटरव्हल साधारण 0.8 ते 13.5 येतो, दुसऱ्याचा उणे 0.1 ते 12.6. दोन्ही जवळजवळ एकाच ठिकाणी बसलेले आहेत. एकाचं टोक शून्याच्या जरा अलीकडे, दुसऱ्याचं जरा पलीकडे, एवढंच. म्हणजे पुरावा सारखाच आहे, आणि एकाला 'फरक आहे' म्हटलं, दुसऱ्याला 'फरक नाही'.

गंमत पुढे आहे. अ‍ॅबस्ट्रॅक्टच्या निष्कर्षात मात्र लिहिलंय की एकटं औषध म्हणून निफेडिपिननं लॅबेटालॉल आणि मिथिलडोपा या दोघांपेक्षा जास्त वेळा निकष गाठला. निकालात 'फरक नाही' आणि चार ओळींनंतर 'दोघांपेक्षा जास्त'! दोन्ही वाक्यं आपापल्या जागी चूक नाहीत. टक्केवारी जास्त आहेच. पण घाईत वाचणारा विद्यार्थी आपल्या थिसिसमध्ये यातलं कोणतं वाक्य उतरवेल, ते त्याच्या नशिबावर.

मी असते तर असं लिहिलं असतं: निफेडिपिन कदाचित दोघांपेक्षा सरस आहे. फरक एखाद्या पॉइंटचाही असू शकतो किंवा बारा-तेरा पॉइंटचाही. आकडा सांगायचाच तर, साधारण 14 बायकांना मिथिलडोपाऐवजी निफेडिपिन दिलं तर एक बाई जास्त 'यशा'त येते. हे वाक्य कमी आकर्षक आहे, पण उद्या वॉर्डात निर्णय घेणाऱ्याला हेच लागतं.

आणि एक शब्द: 'रिटार्ड'. ट्रायलमधली निफेडिपिनची गोळी औषध हळूहळू सोडणारी होती. पटकन सोडणारी कॅप्सूल वेगळी. पेपरचा सारांश तोंडोतोंडी पुढे जातो तेव्हा 'निफेडिपिन बरं' एवढंच उरतं आणि 'रिटार्ड' वाटेत गळून पडतो. उद्धृत करताना निदान तुम्ही तरी तो गाळू नका.

दुसरा आक्षेप: औषधं तीन, पण नियम एक नाही

मेथड्सचा भाग शांतपणे वाचला तरच हे लक्षात येतं. निफेडिपिन आणि लॅबेटालॉल गटात बीपी उतरला नाही तर दर तासाला पुन्हा औषध देऊन डोस वाढवायची मुभा होती. मिथिलडोपा गटात तशी मुभा नव्हती. एकच डोस, एक हजार मिलिग्रॅम, विषय संपला.

यामागचं कारण समजण्यासारखं आहे. मिथिलडोपा मुळातच संथ. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा तास लागतात, त्यामुळे तासातासाला देण्यात अर्थ नाही. पण मग तुलना कशाची झाली? 'निफेडिपिन विरुद्ध मिथिलडोपा' अशी नाही. 'तासातासाला मोजून वाढवत नेलेलं निफेडिपिन' विरुद्ध 'एकदा दिलेला मिथिलडोपा', अशी झाली. त्यात खिडकी सहा तासांची, म्हणजे संथ औषधाला शेवटच्या चेंडूवर रन काढायला लावल्यासारखं.

शिवाय ट्रायल ओपन-लेबल. कोणाला काय दिलं ते सगळ्यांना माहीत. बीपीचा आकडा मशीनवर दिसतो, त्यात फार फेरफार होणार नाही. पण पुढचा डोस द्यायचा की अजून थांबायचं, हा निर्णय माणूस घेतो, आणि माणसाला औषधाचं नाव माहीत असलं की त्या निर्णयावर सावली पडतेच.

इथपर्यंत मी जर्नल क्लबमध्येही सांगितलं होतं. 'तुलना असमान आहे, ही मर्यादा', असा बुलेट टाकून पुढची स्लाइड. आईच्या प्रश्नानंतर पुन्हा वाचलं तेव्हा तोच मुद्दा उलटा दिसला. नांदगाव खंडेश्वरातून पाहिलं तर या पेपरमधला सगळ्यात उपयोगी गट हाच, 'असमान' मिथिलडोपाचा. कारण तासातासाला मोजणारं, डोस वाढवणारं तिथे कोण आहे? मंगरूळ चव्हाळ्याहून किंवा तालुक्यातल्या कुठल्याही गावातून निघालेल्या गाडीत एकदाच गोळी देता येईल, तीही निघताना. आणि एकदाच दिलेली गोळी चारपैकी तीन बायकांत सहा तासांत काम करते, हे या ट्रायलनं दाखवलं आहे.

एका ठिकाणाहून जो दोष दिसतो, तोच दुसऱ्या ठिकाणाहून उत्तर वाटू शकतो. पेपरची मर्यादा लिहिताना 'कोणासाठी मर्यादा?' हे विचारल्याशिवाय बुलेट टाकू नये, हा धडा मी तिथे घेतला.

पण थांबा. उत्तर वाटू शकतं म्हटलं, आहे म्हटलं नाही. त्याचं कारण पुढच्या आक्षेपात.

तिसरा आक्षेप: त्या 1413 बायका कोण होत्या?

2307 मधल्या 1413, म्हणजे 61 टक्के, ट्रायलमध्ये आल्याच नाहीत. काही निकषात बसल्या नाहीत, काहींनी नकार दिला, हे सगळ्याच ट्रायलमध्ये होतं. पण वगळण्याच्या कारणांत आणखी दोन आहेत: झटके येण्याची लक्षणं दिसत होती, किंवा कळा जोरात सुरू झाल्या होत्या.

वगळणं योग्यच होतं. जिला कोणत्याही क्षणी झटका येऊ शकतो तिला चिठ्ठी काढून गोळी द्यायची आणि सहा तास पाहत बसायचं, हे कुठलीच नैतिक समिती मान्य करणार नाही, आणि करूही नये. पण याचा परिणाम निष्कर्षावर होतो. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, पोटात वरच्या बाजूला दुखतंय, अशी बाई साधारणपणे कुठून येते? जिथे बीपी दर महिन्याला मोजला गेला नाही, जिथे गाडी उशिरा मिळाली, जिथे 'दुखेल थोडं, होते असं' म्हणून रात्र काढली, तिथून. म्हणजे जी लांबून आणि उशिरा आली, ती ट्रायलबाहेर राहण्याची शक्यता जास्त. वहिनी त्या दिवशी नागपूरला पोचली असती तर ती 894 मध्ये असती की 1413 मध्ये? तिचं डोकं ठणकत होतं. मला वाटतं, 1413 मध्ये.

आता आईच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. सहा तास कवापासून मोजले? बाई दवाखान्यात आल्यावर, बीपी दोनदा मोजल्यावर, संमती घेतल्यावर, पहिली गोळी दिल्यावर. ट्रायलचं घड्याळ तिथे सुरू होतं. वहिनीचं घड्याळ त्याच्या कितीतरी आधी, घरच्या ओसरीवर सुरू झालं होतं. नांदगाव ते अमरावती तीस-पस्तीस किलोमीटर, अमरावती ते नागपूर दीडशेच्या आसपास. ते तास या पेपरमध्ये कुठेच नाहीत. असायला हवे होते असं मी म्हणत नाही, त्यांचा प्रश्न वेगळा होता. पण पेपरचं शेवटचं वाक्य आहे की ही तिन्ही औषधं कमी साधनांच्या ठिकाणी सुरुवातीचा पर्याय म्हणून वापरण्याजोगी आहेत. 'कमी साधनांचं ठिकाण' या तीन शब्दांत नागपूरचं मेडिकल, आमचं ग्रामीण रुग्णालय आणि एखाद्या गावाचं उपकेंद्र, सगळी एका रांगेत बसवली गेली. ती एका रांगेतली नाहीत.

अपयशाची किंमत जागेप्रमाणे बदलते

हा माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा.

टक्केवारी उलटी करून वाचा. निफेडिपिन गटात 49 जणी, म्हणजे सहापैकी एक, 'यशा'त आल्या नाहीत. मिथिलडोपा गटात 71, जवळजवळ चारपैकी एक. (या सगळ्यांचा बीपी उतरलाच नाही असं नाही. ज्यांचा ठरलेल्या पट्ट्याच्या खाली गेला किंवा उपचार मध्येच थांबले, त्याही यात आल्या.) नागपुरात अशा बाईचं पुढे काय होतं? दुसरं औषध, शिरेतून इंजेक्शन, गरज पडली तर ऑपरेशन थिएटर, सगळं त्याच इमारतीत. तिथे 'अपयश' म्हणजे पुढची पायरी.

बडनेऱ्याच्या अलीकडे, गाडीत, 'अपयश' म्हणजे काय? तिथे पुढची पायरीच नाही. म्हणून 84 आणि 76 मधला फरक नागपुरात लहान आणि रस्त्यावर मोठा. उलट, तासातासाला मोजण्याची अट नागपुरात सोपी आणि रस्त्यावर अशक्य. एकाच आकड्याचं वजन दोन ठिकाणी दोन वेगळं होतं. एक्स्टर्नल व्हॅलिडिटी म्हणून आपण जी व्याख्या पाठ करतो, ती हीच. पुस्तकात ती 'निष्कर्ष इतर लोकसंख्येला लागू पडणे' अशी कोरडी असते. मी ती अशी लक्षात ठेवते: औषध चाललं नाही तर तिथे पुढे काय आहे?

आणखी एक भान ठेवा. बीपी उतरणं हा सरोगेट निकष आहे, म्हणजे खऱ्या परिणामाच्या जागी उभा केलेला प्रतिनिधी. आपल्याला खरं टाळायचंय ते मेंदूतला रक्तस्राव, झटके, आईचा आणि बाळाचा मृत्यू. 894 जणींमध्ये झटका एकीला आला, लॅबेटालॉल गटात. सहा बाळं मृत जन्मली: निफेडिपिन गटात एक, लॅबेटालॉलमध्ये दोन, मिथिलडोपामध्ये तीन. एक, दोन, तीन अशी चढती रांग बघून मोह होतो, पण एवढ्याशा संख्येवरून कोणतं औषध जीव वाचवतं हे सांगता येत नाही. मॅग्नेशियम सल्फेटनं झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे दाखवायला 2002 च्या 'मॅगपाय' ट्रायलला 33 देशांतल्या 10,141 बायका लागल्या होत्या. प्रश्न जितका दुर्मीळ घटनेचा, तितकी संख्या मोठी.

मग गावातच करून पाहिलं तर?

आईचा दुसरा प्रश्न: गाडी येईपर्यंत काय देलं? तो प्रश्न घेऊन केलेली ट्रायल आहे, आणि तीही आपल्या शेजारी. बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत 'क्लिप' नावाचा अभ्यास झाला. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या लोकांनी तो तिथे चालवला. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या 12 क्षेत्रांमधून काही क्षेत्रं उपक्रमासाठी आणि काही नेहमीच्या सेवेसाठी, अशी रँडमाइज केली. बाईला न करता पूर्ण क्षेत्राला रँडमाइज केलं की त्याला क्लस्टर ट्रायल म्हणतात. उपक्रमाच्या क्षेत्रांत गावपातळीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी मोबाइल अ‍ॅपच्या मदतीनं गरोदर बायकांचा बीपी मोजायचा, लक्षणं नोंदवायची, आणि धोका दिसला तर मिथिलडोपाची 750 मिलिग्रॅमची गोळी, गरजेप्रमाणे मॅग्नेशियम सल्फेटचं स्नायूत इंजेक्शन, आणि लगेच मोठ्या दवाखान्यात रवानगी. आईनं विचारलं होतं अगदी तेच!

हाच उपक्रम पाकिस्तान आणि मोझांबिकमध्येही झाला. तिन्ही देशांचं एकत्र विश्लेषण 2020 साली 'लॅन्सेट'मध्ये आलं: 44 क्लस्टर, 69,330 गरोदरपणं. आई आणि बाळाचे मृत्यू व गंभीर आजार मिळून जो मुख्य निकष ठरवला होता, तो कमी झाला नाही. ऑड्स रेशो 1.17, इंटरव्हल 0.87 ते 1.56.

हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा मी जरा खट्टू झाले. मग नीट वाचलं. यातून 'गावात गोळी देऊन उपयोग नाही' असा अर्थ काढणं चूक आहे. उपक्रमात चार-पाच गोष्टी एकत्र बांधल्या होत्या. गोळी देण्याइतका बीपी वाढलेल्या बायका एकूण संख्येत थोड्याच असतात, आणि मोजलं गेलं ते सगळ्या गरोदर बायकांमध्ये. शिवाय गावातून लवकर पाठवलं तरी ती जिथे पोचते त्या दवाखान्याचं बळ वाढवणं हा उपक्रमाचा भाग नव्हता. साखळीची एक कडी घट्ट केली, बाकीच्या होत्या तशाच.

त्याच पेपरमध्ये आणखी एक निरीक्षण आहे: ज्या बायकांच्या आठ किंवा जास्त भेटी झाल्या, त्यांच्यात वाईट परिणाम कमी दिसले. हे वाक्य फार उचललं जाईल. डब्ल्यूएचओनं 2016 मध्ये गरोदरपणात किमान आठ भेटी सुचवल्याच आहेत, त्यामुळे ते सोयीचंही आहे. पण विचार करा. जिची प्रसूती तिसाव्या आठवड्यालाच झाली, तिच्या आठ भेटी होणार कधी? आणि लवकर झालेल्या प्रसूतीतच तर बाळाला धोका जास्त. म्हणजे आठ भेटी होण्यासाठी गरोदरपण आधी नीट लांबावं लागतं. भेटींमुळे चांगलं झालं, की चांगलं चाललं होतं म्हणून भेटी झाल्या? रँडमायझेशन क्षेत्रांचं झालं होतं, भेटींच्या संख्येचं नाही. एकदा रँडमाइज केलेल्या गटाच्या आत शिरून तुलना केली की रँडमायझेशनचं कवच गळून पडतं, हे विसरू नका.

तर माझं मत

नागपूरच्या ट्रायलनं जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर तिनं दिलं आहे. मोठ्या सरकारी दवाखान्यात, जिथे तासातासाला बीपी मोजता येतो आणि पुढचा उपाय हाताशी आहे, तिथे तोंडानं द्यायच्या या तिन्ही औषधांनी सुरुवात करता येते, हे मला पटतं. 'निफेडिपिन दोघांपेक्षा सरस' हे वाक्य मी पेन्सिलीनं लिहीन, शाईनं नाही. आणि 'कमी साधनांच्या ठिकाणी' हे शब्द खोडून मी 'वॉर्ड असलेल्या दवाखान्यात' असं लिहीन.

नागपूर आणि बेळगाव या दोन टोकांच्या मध्ये जी जागा आहे, तिथला प्रश्न अजून उघडा आहे. तालुक्याच्या दवाखान्यात बीपी एकशे साठच्या वर मोजला गेला त्या क्षणी घड्याळ सुरू करायचं. रँडमायझेशन तिथेच. एका गटात गाडी सुटण्याआधी पहिला डोस, दुसऱ्यात नेहमीची रवानगी, आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचल्यावर पहिला मोजलेला बीपी हा निकष. की आजच्या मार्गदर्शक सूचना पाहता डोस न देणारा गट ठेवणंच नैतिक ठरणार नाही, आणि तुलना दोन औषधांतच करावी लागेल? मला दुसरं पटतं. वाढलेला बीपी समोर दिसत असताना गोळी न देता पाठवणं कुठल्याही समितीपुढे टिकणार नाही. प्रपोजल लिहायला बसाल तेव्हा आधी हा पेच सोडवावा लागेल, सॅम्पल साइज नंतर.

नेट-पेटची किंवा पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांसाठी, कुठलाही ट्रायलचा पेपर हातात आला की मी आता हे पाच प्रश्न वहीत लिहिते:

1. घड्याळ कुठे सुरू केलं आणि कुठे थांबवलं?
2. सगळ्या गटांना नियम सारखा होता का? नसेल तर तुलना नेमकी कशाची?
3. जे बाहेर राहिले ते कोण, आणि माझ्या गावचे लोक आत आहेत की बाहेर?
4. फरक किती, इंटरव्हल केवढा? (पी-व्हॅल्यू सगळ्यात शेवटी बघायची.)
5. उपचार फसला तर त्या ठिकाणी पुढे काय होतं?

या उन्हाळ्यात घरी गेले तेव्हा आईला हे सगळं पुन्हा सांगितलं, बेळगावसकट. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे गोळी गाडीत देली तरी पुढचा दवाखाना धड पाह्यजे." 69,330 गरोदरपणांच्या पेपरवर याहून नेमकी टिप्पणी मी अजून वाचलेली नाही.